पात्याचा चटका

एकदा एक शिष्या सुऱ्या घडवायचं यंत्र घ्यायला बाजारात गेली, आणि दुकानदाराने मोठ्या हौसेने यंत्र सुरू करताच म्हणाली, “आधी बंद करा.”

दुकानदार गोंधळला. त्याची अवस्था मला कळते, कारण मीही यंत्रंच विकतो. गिऱ्हाईक आलं की बटण दाबायचं, घरघर ऐकवायची, चार ठिणग्या उडवून दाखवायच्या. निम्मा सौदा तिथेच होतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांनी सगळी माहिती शांतपणे ऐकून घेतली आणि शेवटी विचारलं, “हे हिरव्या रंगात मिळेल का? आमचं शटर हिरवं आहे.” दुसऱ्या एकाने सर्वांत जास्त आवाज करणारं यंत्र निवडलं, म्हणाला, शेजाऱ्यांना कळायला नको का आपण मशीन घेतलं ते! माणसं अशी निवड करतात. यंत्र बंद असताना त्याच्याकडे बघणारं गिऱ्हाईक विरळा.

ती ज्या यंत्रासमोर उभी होती त्याला बेल्ट ग्राइंडर म्हणतात. दोन-तीन चाकांवरून पॉलिश पेपरसारखा खरखरीत पट्टा फिरत असतो. त्यावर पोलादाचं पातं टेकवलं की पोलाद झिजतं आणि पात्याला धारेकडे जाणारा उतार येतो. तिने यंत्राची पिन काढायला लावली आणि चाक हाताने फिरवलं. पट्टा चाकाच्या मधोमध राहतो का, की कडेला सरकतो? सरकला तर बाजूची मूठ पिळून पुन्हा जागेवर येतो का? पट्ट्याच्या मागे पोलादी पाटी असते, ती सपाट आहे ना हे बघायला तिच्यावर तिने मोजपट्टीची कड उभी धरली आणि खालून उजेड दिसतो का ते पाहिलं. मग विचारलं, “याचे पट्टे आपल्या गावात मिळतात ना?”

“शेजारच्या त्या मोठ्या यंत्राचे मागवावे लागतील. या लहानाचे मिळतात.”

“आणि हे हळू चालतं का?”

दुकानदाराने हात जोडले. “ताई, आजवर प्रत्येकाने विचारलं की किती जोरात पळतं. हळू चालतं का, हे लोक फक्त वरातीच्या घोड्याबद्दल विचारतात!”

ती हसली, पण प्रश्न सोडला नाही. लहान यंत्राच्या पुलीला पायऱ्यांसारख्या लहान-मोठ्या खाचा होत्या. मोटरचा रबरी पट्टा एका खाचेतून दुसरीत टाकला की वेग बदलत असे. तिने तेच घेतलं.

तिचं नाव सगुणा. गडाच्या पायथ्याशी लोहारांची एक गल्ली होती, तिथे अप्पा नावाच्या वृद्ध कारागिराकडे ती सुऱ्या घडवायला शिकत होती. अप्पांनी तिला वर्षानुवर्षं नुसत्या कानशीवर राबवलं. मग एके दिवशी म्हणाले, “आता तुझी कानस माझ्या कानशीसारखी वाजते. स्वतःची शाळ मांड.” कारागिराच्या कामाच्या जागेला त्या गल्लीत शाळ म्हणत. यंत्र कसं निवडावं याचे धडेही त्यांनीच दिले होते.

त्या गल्लीत एक रीत होती. सुरीच्या मुठीला जिथे पातं भेटतं तिथे पितळेचं कडं असतं. कारागिराने आपली सुरी गुरूपुढे ठेवायची. गुरूला पटली तर त्याने कड्यावर शिष्याच्या नावाचा पहिला ठसा स्वतःच्या हाताने मारायचा. त्यानंतरच शिष्य आपल्या नावाने माल विकू शकत असे. तोपर्यंत तो कितीही चांगलं काम करो, दुसऱ्याचा हातच. गल्लीत आजवर एकाही बाईच्या नावाचा ठसा नव्हता. सगुणाला तो हवा होता. इतका, की त्यासाठी तिने एका मोठ्या माणसाला नाही म्हटलं होतं.

तो मोठा माणूस म्हणजे चौकातला सुऱ्यांचा व्यापारी, शेठ. त्याच्या गोदामात भलंमोठं यंत्र उभं होतं. त्याने तिला बोलावून सांगितलं, “मशीन माझं, जागा माझी, ठसा माझ्या दुकानाचा. तू फक्त हात चालव.”

“आणि माझं नाव?”

“नावाने भाजी चिरली जात नाही, सगुणाबाई.”

“बरोबर आहे शेठ. पण चिरता चिरता सुरी वाकली तर शिव्या कोणाला घालायच्या, हे नावावरूनच कळतं,” असं म्हणून ती उठली होती.

त्यामुळे तिचं लहान यंत्र हातगाडीवरून गल्लीत आलं तेव्हा थट्टा होणारच होती. “भातुकलीचं मशीन आलं रे!” “सुऱ्या करणार की टाचण्या?” सगुणाने बाभळीच्या जाड फळ्यांचं टेबल केलं, त्याचे पाय जमिनीत गाडले आणि यंत्र बोल्टांनी पक्कं आवळलं. वायरमनकडून अर्थिंग करून घेतलं. ठिणग्या पडतात तिथे पाण्याची एक बादली ठेवली आणि पातं बुडवायला दुसरी. मुठींचं लाकूडकाम तिने पार दुसऱ्या टोकाला नेलं, कारण लाकडाचा भुसा आणि ठिणगी एकत्र आली की शाळ पेटते. मग टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवून यंत्र सुरू केलं. हसायला जमलेली मंडळी वाटीकडे बघत राहिली. एक थेंब सांडला नाही. मंडळी पांगली.

इथवर सगुणा जिंकत होती. आणि मी तुम्हाला बाजारातली एक गोष्ट सांगतो: शहाणा व्यापारी हरलेल्या ठिकाणी भांडत बसत नाही. तो मिठाई घेऊन येतो.

शेठ मिठाई आणि चामड्याचे जाड हातमोजे घेऊन आला. “बाई, तुम्ही खऱ्या जिद्दीच्या! मी चुकलो. जत्रा जवळ आली आहे. तुमच्या सुऱ्या मी माझ्या काचेच्या कपाटात मांडतो. अप्पांचा ठसा मिळाला की सगळ्या कड्यांवर तुमचंच नाव. फक्त माल वेळेत हवा. आणि हे मोजे घाला. कारागिराचे हात म्हणजे त्याची पुंजी.”

स्वतःचं नाव चौकातल्या काचेच्या कपाटात! सगुणाने मान हलवली.

मग घाई सुरू झाली. रबरी पट्टा सर्वांत वेगवान खाचेत गेला. घासायचा पट्टा गुळगुळीत झाला तरी ती तो बदलेना, कारण बदलायला थांबावं लागे. त्याऐवजी ती पातं जोराने दाबू लागली. मोजे असल्यामुळे दाबताही येत होतं. पातं बादलीत बुडवलं की चर्र असा मोठा आवाज व्हायचा, वाफ उठायची. तो आवाज तिला आवडू लागला. काम झपाट्याने चाललं आहे असं वाटायचं.

एक दिवस शेठ तिच्या शाळेत उभा असताना तिला एका पात्याच्या धारेवर निळा डाग दिसला. ती थबकली. पोलाद तापत गेलं की आधी गव्हाळ होतं, मग तपकिरी, मग जांभळं आणि शेवटी निळं, हे तिला पाठ होतं. पात्याला भट्टीत तापवून जे पाणी दिलेलं असतं, ज्यामुळे ते कठीण होतं, ते निळ्या डागाच्या जागी उतरलेलं असतं.

“शेठ, हे पातं गेलं.”

“कुठे गेलं? हातात तर आहे!” शेठ हसला. “डाग घासून काढा. चकाकी आली की झालं. गिऱ्हाईक सुरीत स्वतःचं तोंड बघतं आणि घेतं.”

“पण धार?”

“जत्रेत धारेचा निकाल लागत नाही. घरी गेल्यावर लागतो.”

तिने डाग घासून काढला. खरंच, कुठे काही दिसेना. पुढचा डाग काढताना ती थबकलीही नाही. शेठच्या कपाटात तिच्या सुऱ्या आरशासारख्या झळकू लागल्या. मुठींवरची पितळी कडी कोरीच होती. ठशाची वाट बघत होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी ती सर्वांत देखणी सुरी धुवट फडक्यात गुंडाळून अप्पांपुढे बसली. अप्पांनी फडकं उलगडलंच नाही. रीतीप्रमाणे ते म्हणाले, “हात बघू.”

तिने हात पुढे केले. अप्पांनी तळवे उलटेपालटे केले, बोटांची टोकं निरखली. एकही चटका नाही, एकही काळी रेघ नाही.

“फार स्वच्छ आहेत,” अप्पा म्हणाले. “चल, यंत्र दाखव.”

ते तिच्या शाळेत आले. खुंटीवरचे मोजे त्यांनी काढून पाहिले. बोटांच्या टोकांचं चामडं करपून कडक झालं होतं. अप्पा ते घेऊन कोपऱ्यातल्या भट्टीपाशी गेले आणि मोजे निखाऱ्यांत टाकले.

शेजारच्या शाळेतले लोक करपट वासाने धावत आले. “अहो अप्पा, हे काय? हात भाजतील ना तिचे!”

“भाजू देत,” अप्पा म्हणाले.

त्यांनी मोटरचा रबरी पट्टा सर्वांत संथ खाचेत टाकला. झिजलेला घासपट्टा उतरवून कात्रीने मधोमध कापला, म्हणजे कोणी तो पुन्हा चढवू नये. सगुणाने रागारागाने डोळ्यांवरचा चष्मा आणि तोंडावरचं फडकंही काढून पुढे केलं. “हेही टाका मग!”

“ते राहू दे. डोळे आणि छाती पुन्हा मिळत नाहीत. कातडी पुन्हा येते.”

“अप्पा, सगळी दुनिया हात जपायला सांगते, आणि तुम्ही?”

म्हातारा उंबऱ्यावर टेकला. गल्लीत तो फार बोलणारा म्हणून प्रसिद्ध नव्हता.

“पोरी, पोलादाला जीभ नाही. ते भाजतं तेव्हा ओरडू शकत नाही. उघड्या बोटांनी धरलंस तर चटका आधी तुला बसतो, तू हात मागे घेतेस आणि पातं वाचतं. तुझा चटका म्हणजे पात्याची हाक आहे. तू मोजे घातलेस. दुखणं थांबलं असं तुला वाटलं. थांबलं नाही, तुझ्याकडून ते पात्याकडे गेलं. आता ते पात्याकडून ज्याच्या हाती जाईल त्याच्याकडे जाईल. यंत्र लहान घेतलंस, मला आनंद झाला. पण यंत्राच्या वेगाला ‘नाही’ म्हणता आलं नाही, तर शेठला ‘नाही’ म्हटल्याला काय अर्थ? शेठच्या गोदामात काम करायला त्याच्या गोदामात जावंच लागतं असं नाही.”

एवढं बोलून त्यांनी खिशातून पितळेची बारीक सळई काढून टेबलावर ठेवली आणि ते गेले.

सगुणाने फडकं उलगडलं. सुरीची धार सळईवर आडवी टेकवली आणि हलकेच दाबली. धार चांगली असेल तर सळईवर जराशी लवते आणि लगेच सरळ होते. ही लवली आणि लवलेलीच राहिली, दुमडलेल्या कागदासारखी. तिने बोट फिरवून खात्री केली. मग सळई मुठीत घेऊन ती थेट चौकात निघाली.

शेठच्या दुकानात सणासारखी गर्दी होती. काचेच्या कपाटावर फलक होता: उद्या जत्रेत, सगुणाबाईंच्या खास सुऱ्या. खानावळ चालवणाऱ्या वेणूकाकू कपाटातून एक सुरी काढायला लावून तिच्यात नथ नीट करत होत्या.

“या या!” शेठने खुर्ची पुढे ओढली. “ठसा मिळाला?”

“कपाट उघडा शेठ. माझ्या सुऱ्या परत हव्यात.”

“म्हणजे?”

“भाजलेल्या आहेत.”

शेठने आवाज खाली आणला. “अहो, आत चला, चहा घेऊ. लोक बघताहेत.”

“बघू देत. लोकांसाठीच केल्या आहेत ना?” तिने वेणूकाकूंकडे हात केला. “काकू, ती द्या जरा.”

काकूंनी दिली. सगुणाने सर्वांसमोर धार सळईवर दाबली आणि वाकडीच राहिलेली धार काकूंच्या डोळ्यांपुढे धरली.

“अगंबाई,” काकू म्हणाल्या, “ही तर माझ्या सुनेसारखी रुसली!”

दुकानभर हशा पिकला. शेठ हसला नाही. “नीट विचार करा, बाई. या बाजारात तुम्हाला दुसरं कपाट मिळायचं नाही. मी मिळू देणार नाही.”

“नको मिळू दे.”

“गल्लीत बसून कोणाला विकणार?”

“ज्याला शिव्या घालायला माझं दार सापडेल, त्याला.”

“आणि लोक काय म्हणतील? सगुणाबाईने पहिल्याच घाण्यात माल जाळला?”

“तेच म्हणतील. कारण तेच खरं आहे.” तिने मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “ऐका, या सुऱ्या मी बिघडवल्या. डाग दिसला होता, मी घासून काढला. शेठ म्हणाले म्हणून नाही. हात माझा होता. मुठी काढून पुन्हा भट्टीत घालीन, पुन्हा पाणी देईन. जत्रेत माझी सुरी मिळणार नाही.”

वेणूकाकूंनी पिशवी पसरली. “घाल यात. एवढ्या एकटी कशा नेशील? आणि चांगली झाली की पहिली मला. तोपर्यंत मी विळीवर चिरते, माझं काही अडत नाही.”

शेठने किल्ली काउंटरवर आपटली. कपाट उघडलं. दोघी बायका सुऱ्या फडक्यांत गुंडाळून भरचौकातून, फलकाखालून, गल्लीकडे चालत गेल्या. आता गल्लीत टाचण्यांबद्दल कोणी काही बोललं नाही.

तिच्या शाळेच्या उंबऱ्यावर अप्पा बसले होते. मांडीवर ठशाचा खिळा होता, शेजारी हातोडा. चौकातली बातमी तिच्या आधी पोहोचली होती.

“आण,” अप्पा म्हणाले. “कोणतीही एक आण. ठसा मारतो.”

सगुणाने पिशवी खाली ठेवली. ज्या गोष्टीसाठी ती एवढी वर्षं झटली होती ती हातभर अंतरावर होती. तिने खिळ्यावर कोरलेलं आपलं नाव पाहिलं. उलटी अक्षरं, पण तिचीच.

“नाही अप्पा.”

“काय?”

“मी चौकात जाऊन खरं बोलले म्हणून तुम्ही मारताय ठसा. ठसा माझ्यावर मारायचा नाही, सुरीवर मारायचा आहे. आणि सुरी अजून झालेली नाही.”

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. “गुरूला नाही म्हणतेस?”

“यंत्राला म्हटलं, शेठला म्हटलं. आता सवय लागली.”

अप्पा मोठ्याने हसले. अशा हसण्याची गल्लीला सवय नव्हती. शेजारच्या शाळेतला हातोडा थांबला. मग त्यांनी खिळा आणि हातोडा उचलून तिच्या यंत्राजवळच्या फळीवर ठेवला. “इथेच असू दे. सुरी झाली की मला हाक मार.”

काही दिवसांनी, पात्यांना पुन्हा पाणी देऊन झाल्यावर, सगुणा यंत्रापुढे उभी राहिली. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर फडकं, हात उघडे. नवा कोरा घासपट्टा, मोटरचा रबरी पट्टा सर्वांत संथ खाचेत. तिने चाक आधी हाताने फिरवून पाहिलं, मग बटण दाबलं. पातं टेकवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा ओढलं. बोटांना ऊब लागली, मग ती ऊब तिखट होऊ लागली. चटका बसायच्या आत तिने हात मागे घेतला आणि पातं बादलीत बुडवलं.

चर्र झालं नाही. वाफ उठली नाही. पाण्यावर फक्त एक वर्तुळ उमटलं आणि काठाला जाऊन विरलं.

पलीकडे उंबऱ्यावर अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. ते तो न झालेला आवाज ऐकत होते.

आपल्या कामाचा चटका आपल्यालाच आधी बसेल अशी सोय ज्याने त्याने करून ठेवावी. जो कोणी प्रेमाने मोजे घेऊन येईल, त्याच्याकडून मिठाई घ्यावी आणि मोजे परत करावेत.